तंजावरच्या छत्रांतील मध्यरात्रीची घंटा

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. सिव्हिलचा डिप्लोमा, त्यानंतर रेल्वे, आणि तेव्हापासून रूळ, स्लीपर आणि खडी यांतच वीस-बावीस वर्षे गेली. त्यामुळे संपादक मंडळाने "तुम्ही तंजावर भागात कामाला होता, त्यावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला तेव्हा आधी नाहीच म्हणालो. बृहदीश्वराचे मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय यांवर लिहिणारे माझ्याहून जाणकार लोक पुष्कळ आहेत. मग म्हटले, त्या भागातल्या ज्या एका गोष्टीने मला स्वतःला पेचात टाकले तीच लिहावी. तिची सुरुवात मात्र तंजावरला होत नाही, आपल्याच महाप्रसादाला होते.

साल २०१७. महाप्रसादाची जबाबदारी आमच्या चौघांच्या गटाकडे होती. त्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, माणसे कमी आली आणि मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा असे बरेच काही उरले. अन्न टाकायचे नाही हा आपला नियमच आहे. रात्री साडेदहाच्या सुमारास सगळ्याची मिळून पाकिटे केली आणि जंक्शनच्या बाहेर, ऑटो स्टँडच्या भिंतीपाशी जी मंडळी झोपतात त्यांना वाटायला निघालो. निम्मे लोक झोपलेले होते, त्यांना हलवून उठवले. आमच्यातल्या एकाने मोबाइलवर फोटो काढले. ते दुसऱ्या दिवशी आपल्या सर्वांच्या पाहण्यात आलेच.

रांगेच्या शेवटी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पाकीट उघडले, वास घेतला, दोरा पुन्हा गुंडाळला आणि पाकीट माझ्या हातात परत ठेवले. "वेण्डाम, सार." नको म्हणून. मग हळूच विचारले, तैर सादम आहे का? ते नसेल तर साधा भात आणि थोडे ताक? तोंड उघडून दाखवले, तोंडात दात नव्हते. पाकिटात होत्या त्या गार झालेल्या पुऱ्या आणि मिरचीचा भात.

आमच्यातला एकजण मराठीत म्हणाला, "भिकाऱ्याला कसली आलीय आवडनिवड!" आम्ही हसलो. मीही हसलो. म्हातारबुवांना मराठी कळत नसावे, पण हसणे कोणालाही कळते. त्यांनी चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केले. ते पाकीट पुढे कोणाला दिले हे आता आठवत नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच माझी नेमणूक तिरुवारूर–पट्टुकोट्टै–कारैकुडी मार्गाच्या गेज रूपांतराच्या कामावर झाली. मीटर गेजची जुनी लाइन उखडून ब्रॉड गेज टाकायचे काम. कारैकुडीपासून पट्टुकोट्टैपर्यंतचा भाग २०१८ मध्ये आणि तिथून तिरुवारूरपर्यंतचा २०१९ मध्ये पुरा झाला. त्या दोन वर्षांत तो सगळा मुलूख जीपने आणि पायी पालथा घातला. नकाशावर आणि बसच्या पाट्यांवर एक नाव सारखे दिसायचे : सेतुभावाछत्रम्. समुद्रकिनाऱ्यालगतचे गाव, आणि त्याच नावाचा विकास गटही आहे. तमिळमध्ये छत्रम् चे 'सत्तिरम्' होते. मी आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क काकांना विचारले. काका घरात तंजावरी मराठी बोलणारे, म्हणजे ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले त्यांच्यापैकी. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही महाराष्ट्रातले. अन्नछत्र शब्द तुम्हाला मी सांगायचा?"

खरेच होते. सत्तिरम् म्हणजे आपले छत्रच. फरक इतकाच, की अन्नछत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान येते, आणि ही छत्रे देवळाची नव्हती. ती रस्त्याची होती.

व्यंकोजी राजे भोसले यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, तिथे भोसल्यांची गादी होती. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा भाताचा मुलूख, आणि त्यातून रामेश्वरला जाणारी वाट. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू काशीला, हा प्रघात आपल्या सर्वांच्या घरात ऐकलेला आहे. ते लोक इथूनच जायचे, पायी. महाराष्ट्रातले, उत्तरेतले, आंध्रातले. निघताना माणूस घरी परत येईलच याची खात्री नसे. वाटेत आजारी पडायचे, पैसे संपायचे, सोबत सुटायची, आईबाप वाटेत मरून पोरे मागे राहायची. असा माणूस त्या क्षणी बेघरच. त्याची भाषा इथे कोणाला कळत नाही, त्याची जात, गाव, घराणे कोणाला माहीत नाही.

या वाटेवर तंजावरच्या राजांनी टप्प्याटप्प्याने छत्रे बांधली. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांना राजांची नावे नाहीत, राजघराण्यातल्या स्त्रियांची आहेत. नीडामंगलमला यमुनांबा छत्र, प्रतापसिंह राजांच्या राणीच्या नावाचे. मणमेलकुडीला द्रौपदांबा, मीमिसलला राजकुमारांबा. नीडामंगलम जंक्शनशेजारच्या लेव्हल क्रॉसिंगवर मी स्वतः कितीदा तरी जीपमध्ये अडकून पडलो आहे. इंजिन पुढचे मागे घेईपर्यंत दोन्ही बाजूंना बसगाड्यांची रांग लागायची. छत्र तिथून जवळच आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, नाहीतर फाटकात शिव्या खात बसण्यापेक्षा ते पाहून आलो असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सरफोजी राजे (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाची ठरलेली रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. गावे कंपनीच्या हिशेबात गेली. छत्रे चालत होती ती तर गावांच्या उत्पन्नावर. कंपनीचा कारकून उद्या वहीत पाहणार, या गावाचा भात जातो कुठे, आणि फुकट जेवणाऱ्यांना जातो म्हटल्यावर तो खर्च खोडणार, ही भीती राजांना वाटली असली तर नवल नाही. जानेवारी १८०१ मध्ये त्यांनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिले. काकांनी मला त्या पत्राच्या इंग्रजी प्रतीची झेरॉक्स दिली. ती मी साइट ऑफिसात रात्री कंदिलावर वाचली, कारण वीज गेलेली होती. वाचता वाचता ऑटो स्टँडची ती भिंत समोर आली.

राजे लिहितात ते माझ्या शब्दांत सांगतो. छत्रावर येणारा कोणीही असो, ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, सर्वांना शिजलेला भात मिळतो. आणि ज्यांना शिजलेला नको असेल त्यांना कोरडे तांदूळ आणि मसाल्याचे सामान देतात.

हे एक वाक्य मी तीनदा वाचले. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, शिधा. शिधा देणे म्हणजे समोरच्याला सांगणे की तू तुझ्या चुलीवर, तुझ्या पद्धतीने, तुला हवे तसे करून खा. त्यामागे सोवळे-ओवळे होते हे मला कळते. बैरागी दुसऱ्याच्या हातचे खाणार नाही, हा त्यातला मोठा भाग. पण कारण काहीही असले तरी व्यवहार काय झाला? भुकेल्या, अनोळखी, पैसे नसलेल्या माणसाला दारातच विचारले गेले : शिजवलेले हवे की कच्चे? आणि तो 'नको' म्हणाला तर त्याला हसले नाहीत. त्याच्या 'नको'साठी कोठारात वेगळी सोय करून ठेवलेली होती.

पुढे आणखी आहे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचे की अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर या, तुमचा भात ठेवला आहे. आम्ही रेल्वेवाले घंटेची किंमत जाणतो. पूर्वी स्टेशनात रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि गाडी सुटायच्या वेळी त्यावर टोले देत. ती घंटा सांगायची, लवकर या, नाहीतर राहाल. छत्राची घंटा सांगत होती, तुम्ही राहिलात का ते आम्ही बघतो आहोत. आम्ही त्या रात्री झोपलेल्या माणसांना साडेदहाला हलवून उठवले, कारण आम्हाला घरी जायचे होते. दोन्हीमध्ये उशीर तोच आहे, पण कोण कोणासाठी थांबले ते पाहा.

ज्यांना पुढे चालवत नाही ते राहतील तितके दिवस त्यांना जेवण. आजारी पडलेल्याला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे पथ्याचे जेवण, तो बरा होईपर्यंत, आणि त्याच्याशी आदराने व मायेने वागायचे. हे आदराने वागण्याचे कलमसुद्धा पत्रात आहे. तान्ह्या मुलांना दूध. गरोदर बाई तिथे बाळंत झाली तर सगळा खर्च छत्राचा, आणि तीन महिने तिने तिथे राहावे. परक्या लोकांची अनाथ पोरे शाळामास्तरच्या हवाली. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाणे, कपडे. आणि शिक्षण कोणते? ज्या विद्येकडे मुलाचा ओढा असेल ती. शिकून तयार झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्राकडे. जे तिथेच वारले त्यांचे अंत्यविधी त्यांच्या त्यांच्या जातीच्या रीतीप्रमाणे.

पत्रात राजे शेवटी असे सांगतात की या दानधर्मामुळे तंजावरच्या मुलखाला धर्मराज्य म्हणतात आणि माझ्या पदाचा सर्वांत मोठा मान मी तोच समजतो. राज्य गेलेला तेवीस-चोवीस वर्षांचा राजा हे लिहितो आहे. फौज द्या, मुलूख द्या असे काही नाही. भाताची कोठारे चालू राहू द्या, एवढेच.

आणि त्याने नुसते मागितलेही नाही. दुसऱ्याच वर्षी, १८०२ मध्ये, ओरत्तनाडूला मुक्तांबा छत्र उभे राहिले. मुक्तांबा ही राजांची प्रिय सखी, विधिवत राणी नव्हे. मरताना तिने माझ्या नावाने छत्र बांधा असे मागितले, असे सांगतात. ओरत्तनाडूला रेल्वे नाही. तंजावर–पट्टुकोट्टै थेट लाइनची मागणी कित्येक वर्षे ऐकतो आहोत. त्यामुळे मी तिथे बसने गेलो. दर्शनी भागाला हत्ती-घोडे कोरलेले आहेत, जणू सगळी इमारत एक रथच आहे. काम पक्के आहे. सिव्हिलचा माणूस म्हणून मी आधी पाया आणि जोते पाहिले, मग खांब. पाण्याचा निचरा कुठे केला आहे तेही शोधले. शेकडो माणसे रोज जेवायची म्हणजे खरकटे पाणी किती होणार, हा प्रश्न बांधणाऱ्यांपुढे असलाच पाहिजे.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. काकांनाच मी म्हटले, "अहो, पण हे राजांनी स्वतःच लिहिले आहे. अर्ज करणारा माणूस आपले चांगलेच सांगणार." काका म्हणाले, "सांगणारच. पण काय चांगले म्हणून सांगावेसे वाटले ते तर बघा." तो मुद्दा मला पटला. तरीसुद्धा 'ब्राह्मणापासून परयापर्यंत' याचा अर्थ एका पंक्तीत असा कोणी घेऊ नये. या प्रांतात छत्रांमध्ये ब्राह्मणांची जेवणाची जागा वेगळी असे आणि अस्पृश्य मानलेल्यांना आत घेणे तर दूरच. अन्न सगळ्यांना होते, पंगत सगळ्यांना नव्हती. आपल्या रेल्वेचेही यात काही वेगळे नव्हते. इकडच्या स्टेशनांवरील खानावळींत ब्राह्मणांसाठी निराळी जागा असे. पेरियार आणि जस्टिस पार्टीच्या लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली आणि ती पद्धत बंद व्हायला १९४१ साल उजाडले. डब्यात शेजारी बसून आलेली माणसे फलाटावर उतरल्यावर वेगवेगळ्या दाराने जेवायला जात होती!

पंगतीचा प्रश्न याच मुलखात एका माणसाने आपल्या परीने सोडवला, तो उल्लेख राहू नये. कडलूरकडच्या वडलूरला रामलिंग अडिगळ, ज्यांना इकडे वळ्ळलार म्हणतात, त्यांनी २३ मे १८६७ रोजी धर्मशाळा सुरू केली. जात नाही, धर्म नाही, येईल त्याने जेवावे. त्या दिवशी पेटवलेली चूल तेव्हापासून विझू दिलेली नाही. कडलूर–विरुधाचलम लाइनवर वडलूर स्टेशन आहे. कोणाला सवड असेल तर जरूर जाऊन यावे.

आणि उलटी गोष्टही याच काळातली. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ. मद्रास इलाख्यात सरकारने दुष्काळी कामे काढली होती. खर्च फार होतो म्हणून व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. त्यांनी १८७७ च्या जानेवारीत काम करणाऱ्या माणसाचे धान्य दीड पौंडावरून एक पौंडावर आणले. माणूस जगायला कमीत कमी किती लागते, एवढाच हिशेब. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला की एवढ्यावर काम करणारा माणूस खंगून मरेल, आणि मे महिन्यात तो हुकूम मागे घ्यावा लागला. तिकडे मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, सार्वजनिक काकांनी, याच कपातीविरुद्ध रान उठवले होते. घरापासून लांबच्या छावणीवर येशील तर खरा भुकेला, अशी परीक्षा घेण्याचीही पद्धत होती. मला तर वाटते, आपल्या डोक्यात 'भिकाऱ्याला कसली आवडनिवड' हे जे बसले आहे ते बरेचसे त्या छावणीतून आले आहे, छत्रातून नाही. इतिहासाच्या जाणकारांना हे पटणार नाही कदाचित. पण तंजावरच्या पत्रात भुकेची परीक्षा कुठेही नाही, हे मी स्वतः वाचलेले आहे.

मग छत्रे बंद कशी पडली? याचे एक उत्तर आमच्याच खात्याकडे आहे. नागपट्टणम–तंजावर–त्रिचनापल्ली लोहमार्ग १८६१-६२ मध्ये सुरू झाला. पुढे फाटे फुटत गेले आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल होऊन गाडी थेट रामेश्वर बेटावर पोचली. (त्या पुलाच्या जागी नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, हे आपण सर्वांनी पाहिलेच.) जी वाट चालायला आठवडे लागत ती एका रात्रीची झाली. पायी चालणारा संपला, मग टप्पा संपला, मग टप्प्यावरचे छत्रही ओस पडले. त्याआधी १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुरुष वारस नसताना वारले आणि संस्थानच खालसा झाले होते. छत्रे आणि त्यांच्या जमिनी सरकारकडे, पुढे जिल्हा बोर्डाकडे गेल्या. उत्पन्नाचा बराच भाग शाळा, वसतिगृहे यांकडे वळला. तिरुवैयारूचे राजाज कॉलेज, जिथे संस्कृत आणि तमिळ शिकवतात, ते छत्रांच्या पैशावर उभे राहिले. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? राजांच्या पत्रात शाळामास्तर होताच. फक्त मध्यरात्रीची घंटा वाजवणारे कोणी राहिले नाही.

वाटेवरचा बेघर माणूस मात्र संपला नाही. तो गाडीत बसला आणि जंक्शनला उतरला. रात्री अडीचच्या गाडीला हिरवा कंदील दाखवून परतताना फलाटाच्या टोकाला, पादचारी पुलाखाली, पार्सल ऑफिसच्या ओट्यावर कोण झोपलेले असते ते आपण रेल्वेचे लोक रोज पाहतो. कामाला आलेले आणि काम न मिळालेले, मुलांनी आणून सोडलेले म्हातारे, घरातून निघालेल्या बाया. पाणी स्टेशनात मिळते, उजेड असतो, माणसांची जाग असते. म्हणून ते तिथे येतात. आज छत्राला सर्वांत जवळची जागा कोणती असेल तर ती स्टेशन आहे, आणि आमचे काम त्यांना तिथून उठवण्याचे. हे लिहिताना मला संकोच होतो, पण नियम तो आहे आणि मी तो पाळलेला आहे.

विकत घेऊन खाण्यात मान असतो, हेही या शंभर-दीडशे वर्षांत आपण शिकलो. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर निघाली. पुढे त्या केंद्रांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण रुपया टाकून भाकरी मागणारा माणूस ताठ उभा असे, हे मी लहानपणी आमच्या एसटी स्टँडवर पाहिलेले आहे. चेन्नईत २०१३ मध्ये अम्मा उणवगम सुरू झाली. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबार भात आणि तीन रुपयांना दहीभात. तीन रुपयांचा दहीभात! आमच्या म्हातारबुवांना तोच हवा होता. पण रात्री साडेदहाला ती खिडकी बंद असते.

गेज रूपांतराचे काम संपवून मी परत आलो तेव्हा त्यांना शोधले. ऑटोवाल्यांना विचारले, फलाटावरच्या पोर्टरांना विचारले. असे म्हातारे पुष्कळ येतात-जातात म्हणाले. तेवढ्यात कोरोना आला, दोन वर्षे उत्सव घरातच झाला.

गेल्या वर्षी महाप्रसादाच्या बैठकीत मी हे सगळे जरा लांबण लावूनच सांगितले. काही जणांनी घड्याळे पाहिली. एका ज्येष्ठ सभासदांनी रोखठोक विचारले, "म्हणजे आपण चुकीचे केले, असे तुमचे म्हणणे?" मी म्हटले, "मी चुकलो, काका. पाकिटे माझ्याच हातात होती." खूप चर्चा होऊन एवढे ठरले की उरलेले वाटायचे नाही, वेगळे शिजवायचे. परवानगी काढून जंक्शनच्या बाहेर एक टेबल लावले. साधा भात, सांबार, दहीभात, आणि ज्यांना स्वतः करून खायचे आहे त्यांना तांदूळ, डाळ, मीठ, मिरची अशी शिध्याची पुडी. पिण्याचे पाणी आणि ताक दोन्ही. बसायला बाके. फोटो काढायचा नाही, हे वहिनीमंडळींनी ठरवले आणि कडक पाळले. आम्ही येईल त्याला 'साप्टाच्चा?' असे विचारायचो, जेवलात का, जसे इकडे कोणीही कोणालाही विचारते. मग काय हवे ते विचारायचो.

आम्हाला वाटले होते शिधा कोणी घेणार नाही, ज्याला घर नाही त्याची चूल कुठली? तर पहिल्या तासातच पुड्या संपत आल्या. पुलाच्या कामावर आलेली ओरिसाकडची चार कुटुंबे रुळांपलीकडे ताडपत्रीखाली राहत होती. तीन विटांची चूल त्यांच्याकडे होती. त्यांना सांबार आवडत नव्हते. एकाने भात नको म्हटले आणि तीन पेले ताक पिऊन गेला. एका बाईंनी दहीभात घेतला, दोन घास खाल्ले आणि लोणचे मागितले. लोणचे आणायचे आम्ही विसरलो होतो. वाढणारा आमचा जो मित्र, तोच, २०१७ च्या रात्री आवडनिवडीचे वाक्य बोललेला, तो स्कूटर काढून घरी गेला आणि बरणी घेऊन आला. त्याला मी काही बोललो नाही, त्यानेही मला काही म्हटले नाही.

अकरा वाजता आरतीची घंटा नेली होती ती वाजवली. मला वाटले होते कोणी येणार नाही, आवरायला लागू. सात जण आले. त्यात एक मुलगी होती, अठरा-वीस वर्षांची, कडेवर चार-पाच महिन्यांचे मूल. तिने टेबलावर सगळीकडे पाहिले आणि विचारले, पाल इरुक्का? दूध आहे का? दूध नव्हते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या पत्रात तान्ह्या मुलांचे दूध लिहिलेले आहे, मी ते पाठ केल्यासारखे सर्वांना ऐकवत होतो, आणि यादी करताना माझ्याच लक्षात आले नाही. फलाटावरच्या स्टॉलवरून आणून दिले, पण ते चहाचे दूध, साखर घातलेले. तिने ते स्वतः प्यायले आणि बाळाला पदराखाली घेतले.

यंदाच्या खरेदीच्या यादीत दूध सर्वांत वर आहे, बिनसाखरेचे, थर्मासमध्ये गरम. लोणचेही आहे. शिध्याच्या पुड्या दुप्पट केल्या आहेत आणि त्यात गव्हाच्या पिठाचा पर्याय ठेवला आहे. टेबल संध्याकाळी सात ते रात्री बारा चालवायचे ठरले आहे, अकराचे बारा केले आहेत. नऊपर्यंत वाढायला माणसे भरपूर आहेत. नऊ ते बारा या वेळेसाठी आणखी पाच जण हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी आरतीच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. तमिळ बोलता आले तर उत्तम. हिंदीही चालेल.